तिसरं मूल, आणि ते सांभाळणार कोण?

मिरजेचा_आबा

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचून जातो, लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय सदुसष्ट, बँकेतून निवृत्त. विचारांनी उजवा, ते लपवायचं काही कारण नाही. वडील जनसंघाच्या दिव्यावर शिक्का मारायचे, मी कमळावर मारत आलो. समान नागरी कायदा यावा असं वाटतं. लग्नाशिवाय एकत्र राहणं पटत नाही. कुटुंब मोडलं की समाज मोडतो हे चाळीस वर्षं कट्ट्यावर तावातावाने सांगत आलोय.

२०२४ च्या डिसेंबरात सरसंघचालक नागपुरात म्हणाले की जननदर (एका बाईमागे सरासरी किती मुलं) २.१ च्या खाली गेला तर समाज टिकत नाही, म्हणून दोनापेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत. २०२५ च्या ऑगस्टात दिल्लीत त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मला ते मनापासून पटलं. आम्ही सहा भावंडं. वाड्यात कुणाला कुणी वाढवलं ते कळलंसुद्धा नाही. मला स्वतःला दोन. मुलाला एक. मुलगी बंगळुरात, त्यांनी मूल नको असं ठरवलंय, तो विषय आमच्याकडे काढत नाहीत.

तर गणपतीला मुलगा, सून, नात पुण्याहून आले होते. ऋषिपंचमीला जेवताना मी ही तिघांची गोष्ट काढली. पंगतीत एकदम शांतता. मग सून म्हणाली (हिंजवडीत नोकरीला आहे, माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेली नाही), "बाबा, तिसऱ्याचं राहू दे. दुसरं झालं तर तुम्ही आणि आई किती दिवस येऊन राहाल? तारखा सांगा."

मला तारखा सांगता आल्या नाहीत.

त्यात आणखी एक. मार्चमध्ये हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे आहे. पोळ्या बाई करून जाते, बाकी सगळं मी. दोन माणसांचंच करायचं असतं, तरी दुपारी ओटा पुसून झाला की पाठ टेकावी लागते.

तर प्रश्न असा, की कुटुंबाबद्दल आपण जे छातीठोक बोलतो ते आपल्याच घरात का चालत नाही? मत चुकलंय, की घर?

कट्टेकरी

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. सवडीने लिहितो.

तळ्यातमळ्यात

आबा, तुमच्या सूनबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. "तारखा सांगा" हे मी फ्रिजवर चिकटवणार आहे. आमच्याकडे तर "आता दुसऱ्याचं बघा" म्हणणाऱ्यांत शेजारच्या काकूसुद्धा आहेत, ज्यांनी पहिल्याला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही.

खणखणीत

काका, विषय तुमच्या गुडघ्यांवर आणि ओट्यावर नेऊन ठेवलात. मूळ मुद्दा समतोलाचा आहे. आपण एकावर थांबायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं नाही, तर पन्नास वर्षांनी या देशात सण कोण करणार? सरसंघचालकांनी योग्य वेळी योग्य ते सांगितलंय. ज्यांना पटत नाही त्यांना करिअरचं वेड लागलंय, दुसरं काही नाही.

आकडेमोड

@खणखणीत, "बाकीचे थांबत नाहीत" हे जरा तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सरकारच करतं, कुठल्या डाव्या संस्थेची नाही. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत हिंदूंचा जननदर ३.३ आणि मुसलमानांचा ४.४ होता. २०१९-२१ च्या पाचवीत ते १.९४ आणि २.३६ आहेत. दोन्ही उतरलेत, आणि दुसरा जास्त उतरलाय.

मोठी तफावत राज्याराज्यांत आहे. महाराष्ट्र १.७, बिहार ३. खरं राजकारण तिथे शिजतंय. कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा हे अजून १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं आहे, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर ती वाटणी नव्याने होऊ शकते. लोकसंख्या कमी तर जागा कमी, म्हणून आंध्रचे चंद्राबाबू जास्त मुलं म्हणतात आणि तमिळनाडूचे स्टॅलिन थट्टेत सोळा म्हणाले. आबांच्या सूनबाईंचा या बेरजेशी काडीचा संबंध नाही, तरी हिशेब तिच्या पोटावर चाललाय.

खणखणीत

सरासरी दाखवून दिशाभूल करू नका. सीमेवरच्या जिल्ह्यांचं बोला.

आकडेमोड

मिरज कुठल्या सीमेवर येतं? कर्नाटकाच्या?

कट्टेकरी

@आकडेमोड 😂😂 आता धागा बेळगावला जाणार. मी खुर्ची ओढून घेतो.

वाडीवस्ती

इथं सगळे पुण्यामुंबईचे बोलतायत म्हणून गावाकडचं सांगतो. आमच्याकडं तिसरं पोर म्हणजे पंचायतीतनं बाद. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं असंल तर सदस्य व्हता येत नाही. आमच्या चुलत्याचं सरपंचपद असंच गेलं. दोन पोरींवर पोरगा झाला, तो थोडे दिवस मेव्हणीच्या घरचा म्हणून फिरवला, पण गावात असलं लपतंय व्हय? विरोधकानं दवाखान्यातला दाखला काढून आणला. बारशाचे पेढे त्यानंच पयल्यांदा खाल्लेले.

आता मजा बघा. एकाच विचाराची माणसं वर म्हणत्यात तीन पायजेत, आणि खाली कायदा म्हणतोय तीन असतील तर घरी बसा. आंध्रानं हा नियम २०२४ च्या नोव्हेंबरात काढून टाकला. मग आपल्याकडं आधी कायदा बदला, भाषण मागनं करा.

आणि तिसऱ्याचं काय घेऊन बसलाय, आमच्याकडं पयलं व्हायलाच बायको मिळंना. पस्तिशीची पोरं हायती, चार एकर बागायत, घरी चारचाकी. पोरी म्हणत्यात नोकरीवाला पायजे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात पोरं बाशिंग बांधून घोड्यावरनं कलेक्टर कचेरीवर गेली व्हती, ती काय हौस म्हणून? ज्यांच्या आयांनी पंचवीस वर्षांमागं पोरी पोटातच मारल्या त्यांनीच आता सुना शोधायच्या. हे बोललं की गावात लोकांना राग येतो.

तळ्यातमळ्यात

@वाडीवस्ती, बाकी सगळ्याला प्लस वन, पण "आयांनी" एवढंच नको. मशीनपर्यंत नेणारे कोण होते?

वाडीवस्ती

बरोबर ताई. चुकलं माझं. बाप, सासरा आणि डागदर, तिघं.

जुना_खोडकर

आबा, आपण एका वयाचे दिसतो, त्यामुळे हसू येतंय. तुम्हाला १९७६ आठवत असेल. त्या साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलं झाली की शस्त्रक्रिया, नाही केली तर तुरुंग. शंकरराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, पण दहशत झालीच. माझे वडील प्राथमिक शिक्षक. मास्तरांना "केसेस" आणायचा कोटा असायचा, नाही आणल्या तर पगार अडकायचा. बाजाराच्या दिवशी हे कुठल्या तरी म्हाताऱ्याला चहा पाजून पटवत बसायचे. घरी आले की आईशी बोलायचे नाहीत.

तेव्हा आपलीच मंडळी म्हणत होती की सरकारने माणसाच्या खोलीत डोकावू नये. ते मला आजही पटतं. मी अजूनही उजवाच आहे, म्हणून तर विचारतो: दोनवर थांबा म्हणणारा खोलीत डोकावत असेल, तर तीनपर्यंत जा म्हणणारा काय खिडकीतून वारा घेतोय?

खणखणीत

सक्ती आणि आवाहन यात फरक असतो, खोडकर काका. भागवतांनी कुणाचा पगार अडकवलेला नाही.

जुना_खोडकर

मान्य. हा मुद्दा तुमचा. आवाहन ऐकून गप्प बसता येतं, तेवढी सोय आहे.

कायद्याचं_बोला

वकिलीतला माणूस आहे, म्हणून थोडं कोरडं लिहितो. या देशात घराबद्दलचा जवळजवळ प्रत्येक नियम "दोन" हा आकडा धरून लिहिलेला आहे. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण दोन मुलं असतील तर पुढच्या खेपेला १२ आठवडेच. केंद्र सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा मिळते, तीही मोठ्या दोन मुलांपुरती. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत शिरायचं तर २००५ चे लहान कुटुंबाचे नियम आहेत. इतकंच काय, गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर यायलाही दोनच्या वर मुलं चालत नाहीत. अशा वादात मी स्वतः उभा राहिलोय. भांडण मुळात गळणाऱ्या टाकीचं होतं, आणि हत्यार काय उपसलं, तर समोरच्याचं तिसरं मूल.

तेव्हा @खणखणीत, करिअरचं वेड वगैरे नंतर. आधी हे "दोन" खोडायला सांगा तुमच्या आमदाराला.

कट्टेकरी

सोसायटीच्या कमिटीतून सुटका? अहो मग तिसऱ्याचा याहून मोठा फायदा कोणता! बायकोला दाखवतो हा प्रतिसाद.

तीन_तिघाडा

माझ्या आयडीवरून कळलं असेलच. मला तीन आहेत. तिन्ही मुली. ठाण्यात राहतो, नवरा खाजगी नोकरीत, मी घरून शिकवण्या घेते.

आम्हाला तीन हवीच होती, कारण मी एकटी वाढले. पण हे कुणाचा विश्वास बसेल तर शपथ. तिसऱ्या वेळी दवाखान्यातली आया माझं सांत्वन करत होती. वॉचमन म्हणाला, "जाऊ दे ताई, पुढच्या वेळी." ज्या मावशींच्या घरी दर गुरुवारी कुटुंबव्यवस्थेवर चर्चा होते, त्यांनी माझा हात धरून विचारलं, "मुलासाठीच ना गं?" तीन मुलं हवीत म्हणणाऱ्यांच्या मनातली तीन कोणती असतात ते मला तेव्हा समजलं.

खर्चाचं म्हणाल तर रिक्षात तीन बसतात पण आम्ही पाच, त्यामुळे लग्नाला जायचं तरी दोन रिक्षा. कपडे एकीचे दुसरीला होतात, चपला होत नाहीत. आणि रात्री तिघी एका गादीवर आडव्यातिडव्या झोपलेल्या बघताना कसं वाटतं ते लिहीत नाही, तुम्ही म्हणाल जाहिरात करते.

आबा, तुमचं मत चुकलेलं नाही. पण माझी आई रोज दुपारी तीन ते सात येते म्हणून हे चाललंय. तिला सुट्टी नाही, रविवारी फक्त.

मिरजेचा_आबा

सगळ्यांचे आभार, वाचतोय. हीसुद्धा चष्मा लावून मागे बसून वाचतेय. @तीन_तिघाडा, तुमचं वाचून ही म्हणाली, "त्या आईचं नाव कुणी विचारलं का?"

बाकी सविस्तर नंतर, कुकर लावलाय. जाता जाता एक विचारतो: तूरडाळीला तीन शिट्ट्या की पाच? माझी डाळ आख्खी राहते.

निगुतीने

डाळ भिजवली होती का? अर्धा तास भिजवा, हळद-हिंग-तेलाचा थेंब घालून तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं. शिट्ट्या मोजून डाळ शिजत नाही.

जुना_खोडकर

पाच. वाद नको.

कट्टेकरी

जननदरावर झाली नव्हती तेवढी मारामारी आता होणार.

निगुतीने

@जुना_खोडकर, पाच शिट्ट्यांनी पिठलं होतं, वरण नाही.

एडिसनवासी

न्यू जर्सीहून. आमच्याकडचे परंपरावादी याच विषयावर फार बोलतात. आताचे उपाध्यक्ष व्हान्स २०२१ मध्ये बिनमुलांच्या, मांजरी पाळणाऱ्या बायकांबद्दल बोलले ते तुमच्याकडेही पोचलं असेल. २०२५ च्या कायद्याने त्या वर्षापासून २०२८ अखेरपर्यंत जन्मणाऱ्या बाळांच्या नावाने सरकार हजार डॉलर ठेवणार आहे. बरं आहे. पण खाजगी नोकरीतल्या आईला पगारी रजा द्यायचा केंद्राचा कायदा नाही, बारा आठवडे बिनपगारी, तेही कंपनी मोठी असली तर. माझ्या धाकट्याच्या पाळणाघराला महिन्याला घराच्या हप्त्याइतके पैसे जात होते.

आबा, "तारखा सांगा" हा प्रश्न इथे प्रत्येक मराठी घरात विचारला जातो, कारण व्हिसालाच तारखा असतात. आई सहा महिने, ती गेली की सासूबाई सहा महिने. बाबा सोबत येतात, तीन आठवड्यांत कंटाळतात आणि "मिरजेत कट्टा वाट बघतोय" म्हणून परत जातात. (मिरज तुमच्यासाठी घातलं, आमचे बाबा साताऱ्याचे.)

माड_पोफळी

गोंयातून. आमचा जननदर १.३, देशात तळाच्या राज्यांत. आमच्या वाड्यावर अकरा घरं, सहांना कुलूप. गणपतीचे पाच दिवस उघडतात, दिवा लागतो, परत कुलूप. तीन मुलं झाली असती तरी तिघं दुबई-लंडनला गेली असती असं मला वाटतं. संख्येने घर भरत नाही हो.

एकुलता

मी पहिल्यांदाच लिहितोय. मी एकटा, बायकोही एकटी. माझे आईवडील नाशिकला, तिचे अकोल्याला. दोन्हीकडचे सत्तरीपुढचे. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन आणि तिची आई पडली. ती अकोल्याला, मी नाशिकला, मुलगा शेजाऱ्यांकडे. त्या शेजाऱ्यांना मी आयुष्यभर विसरणार नाही.

राजकारण मला कळत नाही. पण दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना एक बहीण असती तर बरं झालं असतं असं वाटलं. हे उजवं मत आहे की काय ते तुम्ही ठरवा.

तळ्यातमळ्यात

@एकुलता, यावर मला उत्तर नाही. खरंच.

सदाशिवाची_आजी

खूप वेळ हात आखडून बसले होते, आता लिहिते. मी आबांपेक्षा कडक आहे. माझ्याकडे अजून चार दिवस शिवाशिव होती, सुनेने बंद केली, मी दोन वर्षं रुसले. मत आबांचंच.

पण मी तारखा दिल्या होत्या. मुलाच्या जुळ्यांसाठी चार वर्षं मुंबईत राहिले. जून ते मे, मेमध्ये पंधरा दिवस गावी. सकाळी साडेपाचला डबे, मग दोघांच्या आंघोळी, शाळेची गाडी, दुपारी एकाला ताप तर दुसऱ्याला जुलाब. माझं भजनी मंडळ सुटलं. बहिणीच्या नातवाच्या मुंजीला जाता आलं नाही. आणि आमचे हे? गावी. "घराला कुलूप नको" म्हणून. चार वर्षं डबा लावला होता त्यांनी, आणि कट्ट्यावर कुटुंबसंस्थेवर बोलत होते. आबा, राग मानू नका, तुमचा धागा वाचताना मला यांचाच आवाज ऐकू आला.

मला त्या चार वर्षांचा पस्तावा नाही. नातवंडं अजून रात्री फोन करून गोष्ट मागतात. पण कुटुंब टिकवा असं पुरुषांनी म्हटलं की त्याचा अर्थ "कुणीतरी बाई मोकळी करा" असा होतो, आणि आम्ही परंपरा मानणाऱ्या बायका तो अर्थ न बोलता समजून घेत आलो. सून नोकरी करते म्हणून कुटुंब बदललं असं नाही. आम्ही थकलो म्हणून बदललं.

निगुतीने

🙏

खणखणीत

आजी, तुमच्याबद्दल आदर आहे. माझी आई याच वयाची आहे. बायकोला सातवा महिना आहे, पहिलंच. आई येणार आहे तीन महिने. पुढचं अजून ठरलेलं नाही.

कट्टेकरी

@खणखणीत, अभिनंदन मित्रा! एवढी गोड बातमी आणि तू सीमेवरचे जिल्हे घेऊन बसला होतास? तूपण वरण शिकून ठेव.

आकडेमोड

अभिनंदन. भांडण बाळंतपणानंतर पुढे चालू.

संपादक

धाग्यावरून दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका पक्षाच्या नेत्याच्या मुलांची संख्या मोजणं हा चर्चेचा विषय नाही. तसंच उत्तराखंडातल्या एकत्र राहण्याच्या नोंदणीवर वेगळा धागा आहे, ते तिकडे. वरणाला मुभा आहे.

मिरजेचा_आबा

आठ दिवसांनी येतोय, माफ करा.

आजींचा प्रतिसाद हिने तीनदा वाचला, मग मला वाचून दाखवला, मी वाचलेला असूनही. मी विचारलं, तुला पुण्याला जायचंय का? म्हणाली, नात झाल्यापासून पाच वर्षं तू दर वेळी "आपल्याला कसं जमणार" असं लोकांना सांगतोस, मला कधी विचारलंस? तिची अडचण वेगळीच निघाली. मुलाकडे लिफ्ट आहे, कमोड आहे, गुडघ्याला ते घर इथल्यापेक्षा बरं. इथे तर ओसरीच्या तीन पायऱ्या. न जमणारा मीच होतो. कट्टा, वाचनालय, संध्याकाळचं देऊळ.

रविवारी सुनेला फोन केला. म्हटलं, तारखा लिहून घे, दसरा झाला की त्रयोदशीला निघतो, दिवाळी तिथेच, होळीपर्यंत राहतो. नातीला चारच्या शाळेच्या गाडीवरून आणणं आणि संध्याकाळचं वरण-भात माझ्याकडे. ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबा, दुसऱ्याचं आम्ही काही ठरवलेलं नाही हं. त्यासाठी येत असाल तर नका येऊ." म्हटलं, त्यासाठी नाही. आणि खरं सांगतो, म्हणताना मला पूर्ण खात्री नव्हती. ते कदाचित तिलाही कळलं असेल.

तीन मुलं हवीत हे मत अजून आहे. @जुना_खोडकर यांच्या खिडकीबद्दल विचार करतोय, उत्तर सुचलेलं नाही. कट्ट्यावर सांगितलं तर एकजण म्हणाला, "सुनेच्या घरी वरण टाकायला चाललास होय?" त्याचा मुलगा कॅनडात असतो.

सदाशिवाची_आजी

जा. आणि तिथे गेल्यावर ओट्यापाशी तुम्हीच उभे राहा, चार दिवसांनी हिच्याकडे देऊ नका.

तळ्यातमळ्यात

आबा, सूनबाईंनी हा धागा वाचलाय का?

मिरजेचा_आबा

मुलाने पाठवला म्हणे. तिने एकच विचारलं, भिजवलेल्या डाळीचं पाणी फेकायचं की तेच घालायचं.

निगुतीने

फेकायचं! दोनदा धुवायचं! आणि कुकर इथला नेताय ना?

मिरजेचा_आबा

नेतोय. तिच्याकडचा विजेच्या शेगडीवरचा आहे, त्याच्या शिट्ट्या मला ओळखू येत नाहीत.

जुना_खोडकर

पाच.